एकशे सहा टक्के पाऊस आणि आमचं शेड

पोरानं मोबाइल पुढं धरला तेव्हा माझा डावा हात एका दीड फुटी गणपतीच्या मानेमागं होता. तिथं केसाएवढी चीर गेली होती. बोटाला लागत नव्हती, पण बॅटरीचा उजेड तिरपा मारला की दिसत होती.

"आई, एकशे सहा टक्के," तो म्हणाला.

हवामान खात्याचा पावसाचा सुधारित अंदाज काल, २७ मे २०२५ ला, आला. एप्रिलात १०५ टक्के म्हणाले होते, आता एक टक्का चढवला. मी म्हटलं, "बरं. ऊन कधी पडणार ते लिहिलंय का?"

ते काही लिहिलेलं नव्हतं.

नवीन वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की आम्ही कोल्हापूरच्या बापट कॅम्पातले कुंभार. लग्न होऊन या घरात आले त्याला बावीस वर्षं झाली. हिशेब, गिऱ्हाइकांचे फोन आणि चिरा बुजवणं ही माझी कामं. आखणी, म्हणजे डोळे, सासऱ्यांकडं. मामांचं वय आता त्र्याहत्तर आहे, पण डोळ्याला ब्रश लावताना त्यांचा हात हलत नाही. चहाचा कप धरताना हलतो. यंदा आम्ही निम्म्याहून जास्त मूर्ती शाडूच्या करतोय, कारण प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरच्या बंदीचं काय होणार याचा निकाल अजून कोर्टातच लटकलाय आणि निकालाची वाट बघत बसलो तर गणपती हातचे जातील. यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. लवकर आहे. या तारखेकडं मी पुन्हा येणार आहे.

प्लास्टरला हवामानाचं फारसं काही पडलेलं नसतं. साच्यात ओतलं, अर्ध्या तासात धरलं. शाडू म्हणजे माहेरवाशिणीसारखी, तिचं सगळं बघावं लागतं. गुजरातेतून पोती येतात, माती भिजवायची, तिंबायची, साच्यात दाबून भरायची, काढायची, कोरणीनं साफ करायची आणि मग सुकत ठेवायची. हे सुकणंच खरं अवघड काम, आणि ते आपल्या हातात नसतं. ऊन कडक असलं तर वरची कातडी आधी वाळते, आतला गाभा ओलाच राहतो. वरचं आकसतं, आतलं आकसत नाही, आणि जिथं जाड भाग बारीक भागाला मिळतो तिथं माती तडकते. मान, सोंडेचं मूळ, मांडीची घडी. हवा दमट असली तर चीर जात नाही, पण मूर्ती वाळतच नाही आणि आठ दिवसांनी बुडाशी पांढरी बुरशी धरते.

दोन वर्षांपूर्वी मी एक खुळेपणा सुरू केला. दर खेपेला एकाच साच्यातली एक फुटी मूर्ती बाजूला काढायची आणि रोज संध्याकाळी तराजूवर ठेवायची. भाजीवाल्याकडं असतो तसला इलेक्ट्रिक काटा आहे. ओली असताना सव्वापाच किलोच्या आसपास भरते. पुरी वाळली की चार किलोच्या जरा वर थांबते, मग रोज ठेवली तरी काटा हलत नाही. पाणी उडून जायला किती दिवस लागले ते वहीत लिहायचं. मामा पहिल्यांदा हसले. "देवाला काट्यावर चढवतीयास व्हय," म्हणाले. आता रोज संध्याकाळी स्वतःच विचारतात, "काय भरला?"

यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली मूर्ती पाच दिवसांत वाळली, आणि त्या खेपेच्या चाळीसपैकी अकरा मूर्तींना चिरा गेल्या. आत्ताची, १९ मेला काढलेली, नवव्या दिवशीही चार किलो सातशे आहे. म्हणजे एकाच उन्हाळ्यात दोन्ही तऱ्हेचा मार खाऊन झाला.

एप्रिल ते जून देशाच्या बऱ्याच भागात उष्णतेच्या लाटांचे दिवस नेहमीपेक्षा जास्त असतील असं खात्यानं आधीच सांगितलं होतं. पण 'लाट' म्हणायची तर त्यांचे नियम आहेत. सपाट मुलखात पारा निदान ४० ला टेकला पाहिजे आणि तिथल्या नेहमीच्या तापमानापेक्षा साडेचार अंश तरी वर पाहिजे. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर, सह्याद्रीला खेटून. दुपार कितीही तापली तरी संध्याकाळी घाटाकडनं पश्चिमेचा वारा येतो आणि पाच-साडेपाचला अंगणात बसवतं. त्यामुळं विदर्भात असते तशी लाट आमच्याकडं कागदावर क्वचितच येते. पण कागदावरचं तापमान सावलीतलं, हवेशीर पेटीतलं. पत्र्याखालचं कोण मोजतो? आम्ही मोजलं. शेडात टांगलेल्या थर्मामीटरवर १४ एप्रिलला दुपारी अडीचला ४३ होतं. त्या दिवशी आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींना घेरी आली. पाटावर बसल्या बसल्या कोरणी गळून पडली. लिंबू-साखर-मीठ पाजलं, आत पंख्याखाली झोपवलं, तासाभरात बोलायला लागल्या. पहिलं वाक्य : "त्या मूर्तीचा कान ऱ्हायलाय."

दुसऱ्या दिवसापासून वेळ बदलली. पहाटे पाच ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ. मधल्या वेळेत शेडाला कुलूप. पत्र्यावर पोती अंथरून दुपारी दोनदा पाणी मारायचं, आणि त्याच पाण्यात भिजवलेलं फडकं ताज्या मूर्तींवर टाकायचं, म्हणजे कातडी घाईनं वाळत नाही. फडकं घट्ट पिळलेलं पाहिजे. थेंब पडला की सोंडेवर खड्डा. हे असलं कुठल्या अंदाजात येत नाही, आणि यायला पाहिजे असंही नाही. पण पेपरात 'कोल्हापूर ३८ अंश' वाचून कुणी म्हणालं की यंदा काही उन्हाळा नव्हता, तर मला त्या मावशींचा हात आठवतो.

मग वळीव.

वळीव कुठनं येतो हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. पावसाळ्याचा पाऊस पश्चिमेकडनं, गगनबावड्याकडनं येतो. वळीव पूर्वेकडनं, हातकणंगल्याच्या बाजूनं. सकाळी आभाळ लख्ख, दुपारी अंगाला चिकटा सुटतो, तीनच्या सुमारास पूर्वेला फुलकोबीसारखे ढग वर वर चढायला लागतात. समुद्राकडनं आलेली ओल आणि पठारावरची तापलेली हवा एकत्र वर उसळते, इतकी वर की तिथं पाण्याचा बर्फ होतो. मग तो बर्फ आणि गार हवा एकदम खाली कोसळते. म्हणून वळवात पाऊस नंतर येतो, आधी वारा.

आठ मेला हा वारा आमच्याकडं सव्वाचारला आला. मी मागच्या अंगणात होते. ऊन होतं, आणि त्या उन्हातच मागच्या उसाचा पाला एकदम उलटा झाला. हिरवं रान पांढुरकं दिसायला लागलं. पाल्याची ती खालची बाजू दिसली की आमच्याकडं हातातलं टाकून पळायचं असतं. बाहेर उन्हाला तेहेतीस मूर्ती होत्या. मी, नवरा आणि पोरगा, प्रत्येकी दोन-दोन उचलत होतो. ओली मूर्ती कमरेला धरून उचलत नाहीत, पाटासकट उचलतात, आणि पाट दोन हातांशिवाय उचलत नाही. म्हणजे 'दोन-दोन' हे मी शौर्य म्हणून सांगतेय, खरं तर एकेकच. एकवीस आत आल्या. मग धुळीचा लोट, मग करवंदाएवढ्या गारा. उरलेल्या बारांवर ताडपत्री टाकली ती वाऱ्यानं उचलली आणि जाता जाता चार गणपतींचे मुकुट घेऊन गेली. गारांनी बाकीच्यांच्या पोटावर देवीचे व्रण आल्यासारखे खड्डे पाडले. पश्चिमेकडच्या कोपऱ्यातला एक पत्रा सुटला आणि शेजाऱ्यांच्या गोठ्यावर जाऊन पडला. म्हशीला काही झालं नाही. ती रवंथ करत होती.

वीस मिनिटांत सगळं संपलं. लाइट गेली ती रात्री अकराला आली.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र बरी झाली. पोराच्या मोबाइलवर 'दामिनी' होतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं ते ॲप आहे. आपल्या भोवतीच्या वीस ते चाळीस किलोमीटरच्या घेऱ्यात वीज पडतेय का ते दाखवतं. सव्वाचारच्या आधीच घेरा लाल झाला होता. वारा सुटल्यावर मामा सवयीनं अंगणातल्या आंब्याखाली खुर्ची घेऊन निघाले होते, पडलेल्या कैऱ्या वेचायला. पोरानं त्यांना खुर्चीसकट आत आणलं. पुढच्या पाच मिनिटांत गल्लीच्या टोकाच्या नारळावर वीज पडली. शेंडा दोन दिवस धुमसत होता. मामा त्या दिवसापासून ॲपला 'ती पोरगी' म्हणतात. "काय म्हणतीया ती पोरगी?" पण मूर्ती उचलायला किती वेळ आहे ते ती पोरगी सांगत नाही. ते उसाचा पाला सांगतो.

नेहमीच्या वर्षी असे चार-पाच वळीव होतात. मधल्या दिवसांत कडक ऊन असतं आणि त्या उन्हात आमची सगळी कच्ची मूर्ती वाळून जूनच्या पहिल्या आठवड्यात रंगाला तयार होते. यंदा २० मेनंतर वळीव वळवासारखा वागलाच नाही. अरबी समुद्रात कोकणाजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि २४ मेला रत्नागिरी-दापोलीच्या मधनं जमिनीवर आलं. त्याच दिवशी मॉन्सून केरळात पोचला, नेहमीच्या १ जूनच्या आधी आठ दिवस. २५ ला तळकोकणात, २६ ला मुंबईत. मुंबईत इतक्या लवकर तो आजवर नोंदलेलाच नाही. आमच्या वहीत २० मेपासून 'ऊन' हा रकाना रिकामा आहे. विजा नाहीत, गडगडाट नाही, नुसती पश्चिमेकडनं झड. चादरी वाळत नाहीत, तिथं गणपती कसे वाळणार?

२५ मेला रोहिणी लागलं. मामांचा हिशेब नक्षत्रांचा. मृग, आर्द्रा, मग तरणा, मग म्हातारा, मग आसळका. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : तरणा म्हणजे पुनर्वसू, म्हातारा म्हणजे पुष्य. २० जुलैच्या सुमाराला म्हातारा लागतो आणि दोन ऑगस्टपर्यंत असतो, मग आसळका, म्हणजे आश्लेषा. "रोहिणीत चिखल झाला म्हणून हरखायचं न्हाई आणि भ्यायचं बी न्हाई," मामा म्हणाले. "म्हातारा कसा बसतोय त्येच्यावर हाय सगळं."

मला आधी वाटायचं, हे नुसतं जुन्यांचं बोलणं. मग मी खात्याचे जुने आकडे काढून बघितले, आणि म्हातारबुवांची बाजू मला धरावी लागली.

ते १०६ टक्के म्हणजे काय ते आधी सांगते, कारण परवा दूधवाल्यानंही विचारलं, "वहिनी, सहा टक्के जास्त म्हणजे पूर का?" जून ते सप्टेंबर सगळ्या देशात मिळून सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. तो शंभर धरायचा. १०६ म्हणजे त्याच्या सहा टक्के वर, त्यातही चार टक्के इकडंतिकडं होऊ शकतं असं ते स्वतःच सांगतात. सगळा देश, चार महिने. त्यात राजस्थान आलं, आसाम आलं. त्यात बापट कॅम्प कुठं आहे?

आता हे बघा. २०१९ ला एप्रिलमध्ये अंदाज होता ९६ टक्के. प्रत्यक्षात देशात ११० टक्के पडला, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर आमची पंचगंगा नदी साडेपंचावन्न फुटांच्या पुढं गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. ठीक, जास्त पाऊस, मोठा पूर, हिशेब जुळला. पण २०२१ ला देशाचा पाऊस ९९ टक्के झाला. म्हणजे अगदी शहाण्या पोरासारखा, सरासरीचा. आणि त्या शहाण्या वर्षी नदी ५६ फुटांच्या वर गेली, २०१९ च्याही वर. २००५ चा पूर ज्यांना आठवतो, त्या वर्षीही देशाचा पाऊस ९९ टक्केच होता.

२०२१ च्या त्या जुलैत, २२ तारखेला सुरू होऊन २३ च्या सकाळपर्यंत, महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. जवळजवळ दोन फूट पाणी, एका दिवसात. ते पाणी आमच्या नदीचं नव्हे, कृष्णा-कोयनेचं. पण आमची पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेलाच मिळते. कृष्णा दोन्ही काठ भरून वाहत असली की पंचगंगेला जायला वाट नसते, ती मागं फुगते. आमच्या डोक्यावर गगनबावडा, राधानगरीकडं पडलेला पाऊस वरून ढकलतो, खालून कृष्णा दार लावून घेते, आणि मधल्या सपाट पट्ट्यात आम्ही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्या प्रयाग चिखलीला येऊन मिळतात, आणि तिथनं पुढं नदीला उतार असा नाहीच. ती वळणं घेत रमतगमत जाते. पुराच्या वेळी तिचं ते रमणं आमच्या घरात होतं.

म्हणजे पूर ठरतो तो चार महिन्यांच्या टक्क्यांवर नाही, त्या चार-पाच दिवसांवर. आणि ते दिवस म्हाताऱ्यात किंवा आश्लेषात येतात, कारण तोवर जमीन पाणी पिऊन तट्ट झालेली असते, धरणं भरत आलेली असतात. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, त्यांना कुणाला विचारायचं नसतं. एकेक दरवाजा १४२८ क्युसेकचा. 'तिसरा उघडला' असा मेसेज रात्री दोनला येतो आणि गल्लीत एकेक दिवा लागत जातो.

२०१९ ला आम्ही शेडात तीन फूट पाणी येईल या हिशेबानं मूर्ती वर चढवल्या. २००५ चं पाणी मामांना आठवत होतं, त्याच्यावर एक फूट चढवून मांडणीच्या दुसऱ्या फळीपासून वर सगळं रचलं. पाणी पुढच्या रस्त्यानं आलं नाही. मागच्या उसातनं आलं, आवाज न करता. पहिल्यांदा दिसले ते उंदीर, मग गांडुळं, मग शेडाच्या मातीच्या जमिनीवर एक काळा डाग जो मोठा होत गेला. त्या वेळी राजाराम बंधाऱ्याचा आकडा तासाला तीन-चार इंचांनी चढत होता. आम्ही तो आकडा बघत होतो आणि तरी म्हणत होतो, एवढ्यावर थांबेल. रात्री बाहेर पडलो तेव्हा पाणी गुडघ्याला होतं. सातव्या दिवशी परत आलो.

प्लास्टरच्या मूर्ती जागेवर होत्या, रंग उतरलेल्या, गाळानं माखलेल्या, पण गणपतीसारख्या दिसत होत्या. शाडूच्या सत्तर होत्या त्या वेळी. त्या फुटलेल्या नव्हत्या, मोडलेल्या नव्हत्या. नव्हत्याच. पाटावर फक्त मातीचे ढीग, आणि प्रत्येक ढिगातनं वर आलेली काथ्याची गुंडाळी आणि हातात बसवलेली तार. आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, एका ढिगात बोटं घातली आणि म्हणाल्या, "मळून घेतली तर हुईल की परत." चतुर्थीला तीन आठवडेही नव्हते. आम्ही मळून घेतली. सत्तरांतल्या सव्वीस झाल्या. त्या गाळाचा बारीक कस त्यांच्या रंगात शेवटपर्यंत राहिला, गिऱ्हाइकाला कळला नाही, आम्हाला कळत होता.

२०२१ ला पाणी जास्त होतं आणि नुकसान कमी. त्याचं श्रेय आमच्या शहाणपणाला नाही, कोरोनाला. त्या वर्षी घरगुती मूर्ती दोन फूट आणि मंडळाची चार फूट एवढीच ठेवायची सक्ती होती. लहान मूर्ती, लवकर उचलल्या, टेम्पोत बसल्या. आणि चतुर्थी १० सप्टेंबरला होती, पूर ओसरल्यावर दीड महिना हातात.

आता यंदाची तारीख परत बघा. २७ ऑगस्ट. २०१९ चा पूर यंदा त्याच तारखांना आला तर पाणी ओसरल्यावर उरतात पंधरा दिवस. आणि तोवर सगळ्या मूर्ती रंगून, डोळे उघडून, मांडणीवर बसलेल्या असणार. शाडूच्या.

अलमट्टीबद्दल, म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या धरणाबद्दल, विचाराल तर, त्याची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ करायचं घाटतंय आणि इकडं सगळे पक्ष विरोधात आहेत. मला त्यातलं इंजिनिअरिंग कळत नाही. पण ज्यांच्या दारात पाणी येतं त्यांच्याशी बोलायला कुणी हातात आकडे घेऊन येत नाही, भाषण घेऊन येतं, एवढं मी बावीस वर्षांत बघितलं. असो.

तर मी गेल्या आठवड्यात कळंबा रोडला एक हॉल बघून आले. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, उंचावर. लग्नाची तिथी नसली की रिकामाच पडून असतो. मालकाशी बोलून १० जुलै ते २७ ऑगस्ट ठरवला आणि पाच हजार इसार देऊन टाकला. भाडं ऐकून नवरा म्हणाला, "पूर नाही आला तर?" मी म्हटलं, "तर भाडं गेलं." त्यानं पुढं काही विचारलं नाही. २०१९ ला नुकसानभरपाईचे फॉर्म भरायला रांगेत तोच उभा होता. ज्या खिडकीवर तीनदा गेला तिथं तिन्ही वेळा वेगळा कागद मागितला. चौथ्या वेळी खिडकी बंद.

मामांना मात्र पटलं नाही. इतक्या वर्षांत या घरातला गणपती दुसऱ्याच्या छताखाली रंगला नव्हता. दोन दिवस बोलले नाहीत. आखणीला बसायचे, उठायचे, काट्यावर काय भरलं तेही विचारत नव्हते. मी रोज आपली मोठ्यानं सांगायची, "चार सातशे पन्नास." "चार सातशे वीस." उत्तर नाही.

आज सकाळी पाऊस जरा थांबला होता. मी चीर बुजवत होते, त्याच मानेची. सुकलेल्या मातीला आधी ब्रशनं पाणी पाजायचं, दोन-तीनदा, ती प्यायची थांबेपर्यंत. मग त्याच शाडूची पातळ रबडी चिरेत भरायची, थोडी वर येऊ द्यायची, आणि अर्धवट वाळली की कोरणीच्या पाठीनं दाबत न्यायची. कोरड्या चिरेत ओली माती भरली तर ती बसत नाही, दुसऱ्या दिवशी शेजारी नवी चीर. माझं ते दाबणं चालू असताना मामा रेनकोट घालून बाहेर पडले. कुठं ते सांगितलं नाही. पोराला गाडी काढायला लावली.

साडेअकराला परत आले. खिशातनं सुतळी काढली. तिला दोन गाठी मारल्या होत्या. आमच्या शेडात मंडळांच्या पाच मूर्ती आहेत, त्यातली शाहूपुरीतल्या मंडळाची सर्वांत रुंद, प्रभावळीसकट. मामांनी सुतळीची एक गाठ तिच्या एका हाताला धरली, दुसरी गाठ दुसऱ्या हाताकडं नेली. दुसरी गाठ कोपरापर्यंतच आली.

"हॉलचं दार," ते म्हणाले. "बाजूची खिडकी काढायला मालक तयार हाय काय ते इचार. न्हाईतर ह्यो हितंच ऱ्हाणार. मग मी बी हितंच."

मी मालकाला फोन लावलाय. उचलत नाहीये. काटा आत्ता चार सहाशे नव्वद दाखवतोय, आणि पश्चिमेकडनं परत भरून आलंय.